काउन्सेलिंगला येणारे मामा

चेन्नईतल्या आमच्या पेरुंगुडीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे मामा तंजावरी मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. कुणाचंही पोर बारावी झालं की इंजिनिअरिंगच्या काउन्सेलिंगला, म्हणजे प्रवेशाची शाखा निवडायला, ते न बोलावता सोबत निघत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. रिक्षात तमिळ हेल काढून बजावत, "कंप्यूटरच घ्या हो! दुसरं काही नको!"

माझ्या मुलीला सिव्हिल हवं होतं. मामांचं ऐकून ऐकून मी मात्र कंप्यूटरवर अडून बसलो होतो. काउन्सेलिंगच्या दिवशी मामांसह आम्ही आत गेलो. संगणकासमोरच्या बाईंनी शाखा विचारली, तशी मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार, इतक्यात मामांनी छाती धरली. "पाणी! पाणी आणा हो!"

मी धावत सुटलो. बाटली घेऊन परतलो, तर मामा बाहेरच्या बाकावर बसून चकलीसारखा मुरुक्कू खात होते आणि शेजारी मुलगी सिव्हिलचं पत्र हातात घेऊन हसत होती.

"मामा, छातीत कळ आली होती ना?"

"आली होती की," ते शांतपणे म्हणाले. "हिनं सिव्हिल म्हटलं, आणि गेली."