मडक्यातला फोन

आमच्या आतोबांइतका भित्रा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि बाजारात आलेली नवी वस्तू सगळ्यांच्या आधी घरी आणण्याचं त्यांच्याइतकं धाडसही तंजावरात दुसऱ्या कोणाचं नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत, हे परक्यांना पटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी वीज खात्यात काढली, पण दिव्याचं बटण अजून कोरड्या टॉवेलनं दाबतात. कुत्रं, लिफ्ट, ढगांचा गडगडाट आणि अनोळखी नंबर या सगळ्यांचं त्यांना सारखंच भय. कॉफीसुद्धा आधी आत्या एक घोट घेऊन "निवली हो" म्हणते, मगच ते पेला उचलतात.

घडी घालता येणारा फोन पहिल्यांदा निघाला, तेव्हा त्यांनी तो चेन्नईहून मागवला. त्या किमतीत चांगली मोपेड आली असती, पण मोपेडचं त्यांना भय वाटतं. फोन आल्याबरोबर आत्याच्या घरी जत्रा भरली. शेजारचे आले, आमच्या नात्यातली मंडळी आली, देवळात स्तोत्रं गाणारे ओदुवार आले, इस्त्रीवालाही कपडे ठेवून तिथेच बसला. आतोबा सर्वांना तीन हात लांब बसवून, बाळाची मूठ सोडवावी तसा फोन हळूच उघडत. "श्वास सोडू नका," म्हणत. "वाफ जाईल आत."

मंडळी आपापल्या घरी गेली आणि भय तेवढं मागे राहिलं. आतोबांनी खिशात किल्ली ठेवणं बंद केलं. वाऱ्याच्या दिवशी धूळ जाईल म्हणून फोन उघडेनात. चार्जिंगला लावला की समोर खुर्ची टाकून, तापकऱ्याजवळ बसावं तसे बसत आणि मधूनमधून त्याच्या पाठीला हात लावून आत्याला सांगत, "अंग गरम लागतंय ग." आत्या स्वयंपाकघरातून म्हणे, "कषाय उकळून देऊ का त्याला?"

पुढं फोन दुपारपर्यंतही टिकेना. मी त्यांना दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं फोन उलटासुलटा करून परत दिला. "सर, बॅटरी आत चिकटवलेली आहे. उघडायला गेलो तर पडदाच फुटेल. त्यातून हे पहिलंच मॉडेल, सुटे भाग येतच नाहीत. नवीन घ्या."

"टॉर्चचे सेल मी माझ्या हातानं बदलतो," आतोबा म्हणाले. "एवढ्या मोलाच्या वस्तूचा सेल बदलता येत नाही?"

दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आतोबांनी फोन रुमालात गुंडाळून घरी नेला.

उन्हाळ्यात तो फुगला. एके सकाळी पाहतात तर पाठ उकललेली आणि आत काहीतरी गच्च उशीसारखं. त्यांनी मला फोन केला तो आत्याच्या साध्या फोनवरून, आणि आवाज असा होता की मला वाटलं आत्यालाच काही झालं. जाऊन पाहिलं तर दोघं अंगणात उभी आणि घराचं दार बाहेरून बंद.

"कचऱ्यात टाकू या," मी म्हटलं.

"अय्यो, कचरा न्यायला ती बाई येते. तिच्या हातात पेटला म्हणजे?" आतोबा मला दारापासून मागे ओढत म्हणाले. "मज भय वाटतंय, पण तिला तर ठाऊकही नसेल."

कुंभकोणमच्या एका कारागिरानं असले फोन उघडून निकामी करतो म्हणून सांगितलं. आतोबांनी मडक्यात वाळू भरली, त्यात फोन पुरला, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि आम्ही बसमध्ये चढलो. टॅक्सी बंदिस्त, बसला खिडक्या तरी असतात, हा त्यांचा हिशेब. फडकं बांधलेलं मडकं पोटाशी धरलेला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा म्हातारा पाहून सगळी बस गप्प झाली. एका बाईनं उठून जागा दिली. थोड्या वेळानं तिनं हळूच तमिळमध्ये विचारलं, "कोण गेलं, अय्या?"

आतोबा भानावर कुठे होते? "जेमतेम दोन वर्षांचा होता," ते म्हणाले. "आधीपासूनच अंग तापायचं."

बाईनं पदर डोळ्यांना लावला. मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागले. पापनाशम मागे पडलं होतं. तेवढ्यात मडक्यातून फुस्स असा आवाज आला आणि फडक्याखालून धुराची रेघ निघाली.

माझं हसू जागच्या जागी गोठलं. बसभर आरडाओरडा झाला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मी ओरडले, "आतोबा, टाका ते!" ते उठले. मडकं मात्र सुटलं नाही. मी मागोमाग उतरू लागले तर दारातूनच दरडावले, "उतरू नको! तुझी मुलं लहान आहेत." मला ते कधी असे बोलले नव्हते.

कापणी झालेल्या शेताच्या बांधावरून ते मडकं घेऊन निघाले. धूर त्यांच्या तोंडावर येत होता. एकदा ठेचकाळले, तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मडकं दूर उघड्या रानात होतं आणि आतोबा कमरेची वेष्टी सावरत परत पळत होते. मग फटकन मडकं फुटलं आणि जाळ उठला.

ते रस्त्याकडेच्या कालव्याच्या काठावर मटकन बसले. तळवे भाजून लाल झाले होते. त्या बाईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं. कोण गेलं होतं ते तिला आता कळलं होतं, पण ती रागावली नाही.

"टाकलं का नाहीत लगेच?" मी रडतच विचारलं.

"बसमध्ये टाकायला जागा कुठं होती ग?" ते म्हणाले, आणि मग एवढे कापू लागले की मला त्यांना धरून बसावं लागलं.

हात बरे झाले. नवा फोन त्यांनी घेतला नाही. बाजारातून जाताना दुकानाच्या काचेकडे पाहतही नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, खूळ गेलं. आत्या मुरुक्कू तळत होती, तिनं झारा तसाच धरला. "आम्हांस लेकरं नाहीत," ती म्हणाली. "नवं काही आणलं की माणसं येत होती घरी. आता कोण येतंय?"

तेव्हापासून रविवारी मुलांना घेऊन मी तिकडे जाते. आतोबा ओसरीवर बसलेले असतात. चपलांचा आवाज ऐकला की मान वर करून विचारतात, "काय नवीन?"

"काही नाही, आतोबा."

"काहीच नाही?" ते जरा पुढं वाकून माझ्याकडे बघतात. मग सरकून जागा करतात. "सरी, चालेल. बस."