पदराची गाठ आणि पट्ट्याची पेटी

मलकापुरात स्टेशनच्या पलीकडे तेव्हा कापसाच्या जिनांची रांग होती. त्यांतल्या एका जिनात मी सुपरवायझर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पंचविशीतला, डोणगावहून आलेला मॅट्रिक पास मुलगा, आणि ही नोकरी मला फार मोठी वाटत होती.

रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं दोन ओळींत मांडलेली होती. प्रत्येक यंत्रापुढे एक बाई उभी राहून दोन्ही हातांनी कापूस घालायची. जमिनीखालच्या खंदकात एक लांब लोखंडी दांडा इंजिनावर फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक यंत्राला एकेक पट्टा वर यायचा. तो बाईच्या उजव्या हाताशी असे, अगदी वीतभर अंतरावर. पट्ट्याला लाकडी पेटी होती, पण कमरेपर्यंतच. त्याच्या वर पट्टा उघडा होता.

आदल्या हंगामात एका बाईच्या लुगड्याचा काठ पट्ट्याने ओढून फाडला होता. ती वाचली. मी आल्यावर मॅनेजरांना म्हणालो, पेट्या डोक्याइतक्या उंच करून घेऊ.

ते म्हणाले, "पट्टा घसरला की पेटी खोलायची, पट्टा चढवायचा, पेटी लावायची. तेवढा वेळ यंत्र उभं ठेवू का? बायांना नीट वागायला शिकवा. तुम्हाला कशाला ठेवलंय?"

मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पेट्यांसाठी भांडावं लागलं असतं, बायांना मात्र नुसता हुकूम सोडायचा होता.

हुकूम असा होता, की पदर डोक्यावर घ्यायचा नाही. तो छातीवरून घट्ट आणून कमरेला खोचायचा आणि वरून गाठ मारायची. पाटी रंगवून मी ती दारावर लावली. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज सकाळी उभा राहून तोंडानेही सांगत असे.

बायांना ते मुळीच पटलं नाही. त्यांच्यातली एक वयस्क बाई, जिला सगळ्या मावशी म्हणायच्या, मला म्हणाली, "बाबू, उघड्या डोक्यानं उभं राहाले आमी काय तमाशातल्या हावोत?"

दुसरी म्हणाली, "तूच टोपी काढ ना बे मंग आधी! मंग आमी पदर काढतो."

सगळ्या हसल्या. मी टोपी काढली. त्यावर आणखी हसल्या, पण गाठी मारल्या. मग मी मुकादमाशी बोलून एक सोय केली. ओझी वाहणारे पुरुष दारापर्यंतच येतील आणि दारापासून आत कापूस बायाच नेतील. आत पुरुष कोणी नाही, तर डोकं उघडं राहिलं तरी बिघडत नाही. ही युक्ती माझीच होती आणि मला तिचा अभिमान होता. सगळा हंगाम एकाही लुगड्याला धक्का लागला नाही.

पुढच्या हंगामात एक नवी बाई आली. नळगंगेच्या काठच्या गावातली, वीस-बावीस वर्षांची, हाताला चलाख. नवरा शेतमजूर. नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भासरा, आमच्याकडेच आवारात ओझी वाहायचा. आमच्याकडे भासऱ्यापुढे धाकटी भावजय तोंड उघडं ठेवत नाही, त्याच्याशी बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याजवळ आली आणि खाली पाहत म्हणाली, "बाबू, मी गाठ मारतो. पन त्याईले इकडं येऊ देऊ नोका."

"दारापर्यंतच येतात ते. आत कोणी येत नाही."

"हाव. पन ध्यानात ठेवजा."

"ठेवतो," मी म्हणालो.

संक्रांतीनंतर कापसाची गर्दी झाली. बैलगाड्या स्टेशनच्या रस्त्यापर्यंत लागल्या. दारात कापसाचा ढीग साचू लागला. बाया आत न्यायला पुऱ्या पडत नव्हत्या, यंत्रं रिकामी फिरत होती आणि मॅनेजर दर थोड्या वेळाने येऊन माझ्याकडे बघून जात होते. मी मुकादमाला म्हणालो, "आजच्या दिवस माणसांना आत सोडा. सरळ यंत्रापाशी ओतू द्या."

तिचं म्हणणं मला आठवलंच नाही. आठवूनही मी दुर्लक्ष केलं, असं म्हणता आलं असतं तर निदान काही विचार केला होता असं तरी झालं असतं. मी विचारच केला नव्हता.

मी ओळीच्या दुसऱ्या टोकाला होतो. ती कापूस घालत होती. तिचा भासरा डोक्यावर ओझं घेऊन तिच्या मागून आला आणि बाजूला येऊन उभा राहिला. तिने त्याला एकदम पाहिलं. तिने गाठ सोडली. मी ते पाहिलं, आणि तिने काय केलं हे मला कळायच्या आत पदर डोक्याकडे गेला होता. त्याचं टोक उजवीकडे उडालं. पट्ट्याने ते घेतलं, मग तिला घेतलं. ती ओरडलीही असेल. जिनात कोणाचं ओरडणं ऐकू येत नाही.

इंजिन बंद करायला मी धावत गेलो. ते थांबायला किती वेळ लागतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. परत आलो तेव्हा मावशी तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि भासरा दोन हात लांब उभा होता. ती त्याची भावजय असल्यामुळे तो तिला हात लावू शकत नव्हता. तो नुसता आपला शेला पुढे करून उभा होता, कोणीतरी घ्यावा म्हणून. मी तो घेतला आणि तिच्या हाताला बांधला.

त्याच दिवशी तिला रेल्वेने अकोल्याला नेलं. उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. ती जगली.

चौकशीला कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले. मॅनेजरांनी त्यांना माझी पाटी दाखवली. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, "हे तुम्ही त्या बाईला सांगितलं होतं?"

"हो. रोज."

"पदर सुटला कसा?"

"तिने सोडला."

दोन्ही उत्तरं खरी होती. का सोडला, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माणसांना आत कोणी सोडलं तेही सांगितलं नाही. मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते. माझ्या घरी दोन लहान मुलं होती. ही कारणं मी इथे देतो आहे, पण त्या वेळी मनात ती नव्हती. मनात एवढंच होतं, की माझ्यावर आलं नाही.

फाल्गुनात मी तिच्या गावी गेलो. भासरा गावाबाहेरच भेटला. तो घरी राहत नव्हता, शेतातल्या खोपीत झोपत होता. मी त्याला म्हणालो, "तुमची काही चूक नाही. तुम्हाला आत जायला मीच सांगितलं."

तो म्हणाला, "साहेब, घरात जाताना मी दारात खाकरतो. बायकांले कळते, पदर सावरतात, मंग मी आत जातो. लहानपनापासून हेच हाय. तिथंबी मी खाकरलो होतो. दारात खाकरलो, जवळ येऊनबी खाकरलो. त्या यंत्रांच्या आवाजात तिले कुठून ऐकू येईन?"

मी पाटी रंगवली होती, गाठ कशी मारायची ते दाखवलं होतं. पण गाठ का सुटेल, हे मी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं, आणि जिने न विचारता सांगितलं होतं तिचं विसरलो होतो.

ती ओट्यावर बसली होती. सासू आत कोणाला तरी मोठ्याने सांगत होती, "एवढं सांगूनबी हिनं ऐकलं नाही. साहेबानं रोज सांगतलं म्हनते. स्वतःच्या हातानं करून घेतलं."

मी मान खाली घालून उभा राहिलो. ती म्हणाली, "बाबू, हात तं गेला. पन तुमी तिथं सांगा, का मी सांगून ऐकलं नाही असं नाही. मी तुमाले आधी सांगतलं होतं. नव्हतं काय?"

"सांगितलं होतं."

"मंग तेवढं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. तिला दिलेला हा दुसरा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पदर सुटलेला होता की नव्हता?"

"होता."

"मग झालं. आता ते उकरून काय मिळणार? हां, तुमच्या त्या पेट्या करून घ्या पाहिजे तर."

मी आणखी बोलायला हवं होतं. इन्स्पेक्टरांकडे जायला हवं होतं. मी पेट्यांवर समाधान मानलं. मनाशी म्हणालो, हेच खरं काम, बाकी शब्द आहेत. सुतारांनी बाजाराच्या दिवशी, जिन बंद असताना, सगळ्या पेट्या उंच केल्या. पट्टा घसरला की खोलायला थोडा वेळ लागायचा, पण कापूस साचला वगैरे काही झालं नाही. मी तिथे होतो तोवर पट्ट्याने पुन्हा कोणाला ओढलं नाही.

तरी दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मुकादम नव्या बायांना ओळीत उभं करून सांगायचा, "एका बाईनं साहेबानं सांगूनबी ऐकलं नाही, हात गेला तिचा. तुमी ऐकजा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बाया घाबरून गाठी घट्ट करायच्या. मी शेजारी उभा असे.

त्याचं झालं की मी प्रत्येकीला विचारायचो, "तुमच्या घरचं कोण आहे इथे कामावर? सासरा, भासरा?"

एकदा एक तरुण बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "काऊन बाबू, सोयरीक जमवून राह्यले काय?"

ओळ हसली. मीही हसलो आणि तिच्या भासऱ्याला सरकीच्या गोदामाकडे काम दिलं. का, ते तिला सांगितलं नाही. ते सांगायचं तर मुकादमाला मध्येच थांबवून, हात गेलेल्या त्या बाईने मला आधीच बजावलं होतं, हे सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं. चौदा हंगाम मी तिथे काढले. ते मी म्हणालो नाही.