सोमवारचा बेल

परळीत जन्मून, वैजनाथाच्या पायऱ्यांवर वाढून मला बेलाचं झाड ओळखता येत नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही!

घरोघरी केबल आली त्या सुमाराची गोष्ट. वडिलांना, म्हणजे दादांना, मुंबईच्या दवाखान्यात दाखवायला मी आणि सुनंदा, माझी बायको, घेऊन गेलतो. नंबर दुपारचा. तोवर जवळच्या जुन्या बागेत बसलो. तिथं प्राणी आणि देशोदेशीची झाडं एकाच कुंपणात. आभाळ दाटलेलं, वाघाचा पिंजरा रिकामा, आणि दादा दोन पावलांवर धापा टाकणारे.

त्यात श्रावणी सोमवार. उपास डॉक्टरांनी बंद केलेला, पण सोबत आणलेल्या छोट्या पिंडीला बेल वाहिल्याशिवाय दादा घास घेत नसत. घास नाही तर गोळी नाही, गोळी चुकली की घेरी! आणि घरून आणलेला बेल मी रेल्वेत विसरलेलो.

समोर पाणघोडा गवताचा भारा चघळत होता. दादा बघत राहिले.

"याला तरी येळेवर मिळतंय," ते म्हणाले.

"अवो, एवढी झाडं हायेत, बगा की कुटं बेल!" सुनंदा म्हणाली.

मी निघालो. पाट्या गंजलेल्या. पण तीन-तीन पानांचं झाड सापडलं! एकही काटा न टोचता ओंजळ भरली. (इथंच शंका यायला हवी होती.) तेवढ्यात शिट्टी.

"ओ! पानं तोडायची नाहीत!" रखवालदार धावत आला.

"वडिलांना उपाशी ठेवता येत नाही हो. बेल पाहिजे. परळी वैजनाथहून आलोय."

"वैजनाथाचे?" त्यानं टोपीच काढली. "आणि मी इतकी वर्षं याच्याखाली डबा खातोय!" घरच्या देवासाठी त्यानंही चार पानं घेतली. ते बघून दोन बायका आल्या, पदरात पानं घेऊन थेट देवळाकडे गेल्या!

मी ऐटीत ओंजळ दादांपुढं धरली. दादांना दिसत कमीच. त्यांनी पान चोळलं, हुंगलं.

"कावून आणलंस रं हे? हा वायवर्ण हाय, पानं तेवढी बेलावानी. बेलाला काटा असतोय, वास असतोय."

मागून आलेला रखवालदार हातातल्या पानांकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघू लागला. गोळीची वेळ होत आली होती. सुनंदानं डबा उघडला. मी म्हणालो, "दादा, थांबा, मी परत जातो."

दादांनी क्षणभर डोळे मिटले. मग तेच पान पिंडीवर ठेवलं, म्हणाले, "देवा, गोड मानून घे," आणि भाकरी मोडली. गोळी वेळेवर गेली.

संध्याकाळी सुनंदाला म्हणालो, "बघ, माझ्यासाठी दादांनी आयुष्यभराचा नेम मोडला. केवढी माया!"

"माया न्हाई वो," सुनंदा म्हणाली. "तुमी परत जातो म्हणलात, आता आणिक कशाचा पाला आणताल, त्या भ्यानं जेवले."