कॅपांचा डबा

इतकी वर्षं लोटली, तरी कॅपांचा तो डबा मी विसरलेलो नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. मालगाड्यांपायी कामगारांच्या सकाळच्या पॅसेंजर सिग्नलला अडकून पडत, म्हणून मालगाड्यांसाठी गावाबाहेरून वेगळी लाइन टाकायचं काम सुरू होतं. वाटेतली टेकडी सुरुंग लावून फोडायची होती.

एका सकाळी कामावरचा ओव्हरसीअर धापा टाकत ठाण्यात आला. सुरुंगाच्या दारूच्या कोठारातून कॅपांचा डबा नाहीसा झाला होता. कॅप म्हणजे सुरुंग पेटवणारी लहानशी नळी. एक जरी हातात फुटली तरी बोटं जातात. कोठारापासून जुनी लाइन हाकेच्या अंतरावर, आणि तिच्यावरून माणसांनी भरलेल्या गाड्या चाललेल्या. मी वरिष्ठांना कळवलं, रुळांवर गस्त लावली. प्रत्येक गाडी सुखरूप पुढे गेल्याचा निरोप येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

खबर दिली ती मुकादमानं. "काल खडकात भोकं पाडणारा एक मजूर माझ्याशी भांडला. त्यालाच धरा."

मजूर धुळ्याकडचा. बायको आणि आईसह कामावरच्या झोपड्यांत राहत होता. मी त्याला आणवलं आणि दोन तास तेच तेच विचारलं.

"डबा कुठंय?"

"माले माहीत नही, साहेब. पन त्या भोकमा..."

"भोकाचं कोण विचारतंय? डब्याचं बोल!"

मी टेबलावर हात आपटला. तो गप्प झाला, तो झालाच.

दुपारी पंचनामा पुन्हा वाचताना मी थबकलो. दारूच्या कांड्या जागेवर, वात जागेवर. गेल्या त्या फक्त कॅपा. रूळ उडवायचे असते तर चोरानं कांड्याही नेल्या असत्या. कॅपांशिवाय सुरुंग उडत नाही; याला टेकडीवरचं कामच थांबवायचं असावं.

मजुराची बायको सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिला आत बोलावून पाणी दिलं.

"अक्का, काम बंद पडावं असं कुणाला वाटतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "डबा मीच लिना, साहेब. काल एक सुरुंग फुटना नही. त्या भोकमा दारू तशीच शे. मुकादम म्हने, तठेच पहार मार. मना नवरा मरी जाता."

कोठारावर पाणी भरायचं काम तिचं होतं. पहारेकरी जेवायला बसल्यावर तिनं डबा उचलला होता.

"आता कुठं आहे?"

"घर शे. चूलना मांगे."

मी टोपी न घेताच जीपकडे धावलो. ओव्हरसीअरला वाटेत घेतलं. झोपडीतून धूर निघताना लांबूनच दिसला. आत म्हातारी सासू चुलीत फुंकर घालत होती.

"आजी, बाहेर निघा!"

"भाकर जळी जाई ना, भाऊ!"

तिला दंडाला धरून मी बाहेर ओढलं. ओव्हरसीअरनं डबा दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि लांब झाडाच्या सावलीत नेऊन ठेवला. परत येऊन त्यानं मला लाल झालेला तळहात दाखवला. डब्याचा पत्रा एका बाजूनं तापला होता.

त्या भोकात खरोखरच न फुटलेली कांडी निघाली. मुकादमाला कामावरून काढलं. बाईवर गुन्हा नोंदवणं मला भागच होतं. पण पंचनाम्यात मी भोकाची हकीकत सविस्तर लिहिली. कोर्टानं तिला चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर सोडलं. पुढे लाइन पुरी झाली आणि पॅसेंजर वेळेवर धावू लागल्या.

डबा सापडला त्याच संध्याकाळी मजुराला सोडताना मी विचारलं, "हे सकाळीच का नाही सांगितलंस?"

"सांगत व्हतू, साहेब," तो म्हणाला. "तुम्हीन डबानंच इचारं."

मी खरं उत्तर मिळवायला बसलो होतो आणि ते समोर आल्यावर त्याला दटावून गप्प केलं होतं. अर्धा दिवस उशीर झाला, तेवढ्यात एक म्हातारी जिवानिशी जायची. नंतरच्या नोकरीत प्रत्येक जबाब संपवताना मी विचारत असे, "आणखी काही सांगायचंय?" लोक सांगत. त्यातलं पुष्कळसं तपासाच्या उपयोगाचं नसे. तरी मी ते लिहून घेत असे.