जवळच्या दिव्याची नोंद

"उजेड वाढवा, इलेक्ट्रॉन जास्त सुटतील, पण एकेकाच्या अंगातली रग वाढायची नाही." प्रयोगशाळेतल्या बाई हे एकदाच सांगत. ज्याला कळलं त्याला कळलं.

मुली त्यांना पाठीमागे खुंटी म्हणत. भिंतीत बसली की बसली. नवरा गेल्यावर धाकटा भाऊ न्यायला आला, तेव्हा माझे तास आहेत म्हणून त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीच्या पानावर शून्य ठेवलं. धातूवर हिरवा उजेड पाडायचा, सुटणारे इलेक्ट्रॉन उलटं व्होल्टेज देऊन अडवायचे आणि मीटरचा काटा शून्यावर आला की त्या व्होल्टेजचा आकडा टिपायचा. दिवा लांब असो की जवळ, आकडा तोच यायला हवा. बाकीच्यांनी काट्याकडे न बघताच दोन्हीकडे एकच आकडा लिहिला होता. या मुलीने मात्र बघून लिहिलं, आणि दिवा जवळ आणल्यावर तिचा आकडा वाढला. आता तिचं वर्ष जाणार होतं.

बाई म्हणाल्या, शून्य नंतर द्या, आधी काटा बघा. परीक्षकांनी बघितलं. आकडा खरंच वाढत होता. यंत्र भिकार आहे, त्याला मी काय करू, असं म्हणून ते घड्याळ बघू लागले.

बाईंनी पदर खोचला. पडदे ओढले, मीटर बदलला. काटा ऐकेना.

"बाई, इलेक्ट्रॉनना तुमचा धाक राहिला नाही वाटतं," परीक्षक म्हणाले.

"पोरींना तरी कुठे आहे?" बाई यंत्राच्या खोक्यात डोकं घालूनच म्हणाल्या.

मग खोक्याच्या तोंडाशी उजेड गाळायला बसवलेल्या हिरव्या काचेच्या कडेवरून फिरणारं त्यांचं बोट थांबलं. कडेचा कपचा उडाला होता. तिथून दिव्याचा कोरा, न गाळलेला उजेड आत शिरत होता, आणि त्यातल्या निळ्या रंगाने सुटणारे इलेक्ट्रॉन जास्त रगीचे. दिवा लांब असताना ते इतके थोडे, की काट्याला पत्ताच लागत नव्हता. दिवा जवळ आला, त्यांची संख्या वाढली, आणि काटा हलला. रग कुणाचीच वाढली नव्हती.

बाईंनी कडेला काळी चिकटपट्टी लावली आणि मुलीला पुन्हा मोजायला लावलं. दिवा लांब, दिवा जवळ. आकडा जागचा हलला नाही.

परीक्षकांनाही हायसं वाटलं. पहिलं पान फाडून टाक, दुसऱ्यावर गुण देतो, असं ते म्हणाले. मुलीने पानाला हात घातला.

"फाडू नकोस," बाई म्हणाल्या. "दिसलं ते लिहिलंयस. खाली कारण लिही."

"अहो, ते पान चुकलेलं आहे."

"पान बरोबर आहे. काच फुटकी होती."

परीक्षकांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पुन्हा वाचली. मग त्यांनी शून्यावर काट मारली, शेजारी गुण लिहिले आणि सही केली. मुलीने काहीतरी बोलायला मान वर केली. बाईंनी दिव्याचं बटण बंद केलं, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि त्या बाहेर पडल्या.