कापलेल्या कोपऱ्याचं कार्ड

सखाराम उत्तर देईना, म्हणून मी पोलादपूरला जायचं ठरवलं. आज तिकडे गाडीने झोकात जाणाऱ्यांनो, ही साठ वर्षांपूर्वीची, माझ्या पंधराव्या वर्षाची फेरी. मी वसईचा ख्रिस्ती, घरच्या केळीच्या बागा. तो पोलादपूरजवळच्या वाडीतला, वडील मुंबईच्या गिरणीत. मास्तरांच्या ओळखीतून आमची पत्रमैत्री जुळली. त्याला खर्च नको म्हणून मी जोडकार्ड पाठवायचो, उत्तराचं कोरं कार्ड सोबतच. दोन वर्षं छान चाललं आणि मग चार महिने अवाक्षर नाही.

पप्पांच्या मिनतवाऱ्या करून मुंबईहून पहाटेची एसटी धरली. हाडं खिळखिळी झाली हो! दासगावपाशी सावित्री नदी दिसली तेव्हा कुठे जिवात जीव आला. महाडच्या खानावळीत आठ आण्यांत मच्छी-भात मिळाला, तिथेच मुक्काम केला. सकाळी पोलादपूर गाठलं आणि पुढे दोन तास चढण. पाणी जवळ ठेवा, वाटेत मिळत नाही.

सखाराम बांधावरच भेटला. नाव सांगताच ओळखलं, पण हसला नाही.

"उत्तर का देत नाहीस?" मी चिडूनच विचारलं.

"तू कारडाचा कोपरा का कापलास?"

शाई सांडली होती. डाग वाईट दिसत होता, म्हणून कात्रीने उडवला, बस्स.

"कोपरा नसलेलं कारड म्हंजे कोनतरी मेलं. आईला वाचता येत नाय, मी शाळंत. तिला वाटलं, बापूस गेला. तिनं बांगड्या फोडल्या रे!"

संध्याकाळी त्याने वाचलं, तर कार्डात माझ्या केळ्यांच्या गप्पा. वडील ठणठणीत होते. पण नवरा जिता असताना बांगड्या फोडल्या, हा अपशकुन तिच्या मनातून जाईना. कार्डाचा कोपरा कापायची ही रीत आमच्यात नाही, मला ठाऊकच नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्याच्या आईने भाकरी वाढली. "तुजी काय चूक, पोरा? जेव पोटभर." मी खाली मान घालून भाकरी मोडली.

निघताना सखाराम म्हणाला, "आता लिवू नको."

"पाकीट पाठवीन, कार्ड नाही."

"नको म्हटलं ना. पोस्टमन दिसला तरी ती दार लावून घेते."

तो वळून गेलाही. मी उतारभर रडत आलो.

वसईला आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरी वाचणारं दुसरं कोणीच नाही का रे?"

माझी बाग, माझी नवी सायकल, माझे सणवार, सगळं मी त्याला लिहिलं होतं. त्याच्या घरी कोण काय करतं, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.