आईचा अकराचा राग

आईच्या दंडावर ते गोल बटण लावलं, तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. जळगावच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्यातली केसासारखी तार कातडीखालच्या पाण्यातली साखर सतत मोजत राहते आणि आकडा मोबाइलवर येतो. आमच्या गावी, पहूरला, एकदा ती चक्कर येऊन न्हाणीजवळ पडली होती. तेव्हापासून ती माझ्याकडे जळगावला राहत होती, म्हणून मोबाइल माझा.

दोन आठवड्यांनी आम्ही परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आलेख दाखवला. पहूरपासूनच्या सवयीने सकाळी इन्सुलिन घेतलं की आई चहाबरोबर जेमतेम एखादं बिस्किट खायची. मग अंघोळ, देवपूजा, आणि जेवण थेट दुपारी. रोज अकराच्या सुमाराला रेषा खड्ड्यात उतरलेली दिसत होती.

"या वेळी घाम येतो का आजी? चिडचिड होते?"

आईने माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "चिडचिड तर वर्षानुवर्षं आहे."

"साखर एवढी उतरली की माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "घरच्यांनी स्वभाव समजून सोडून दिलं असेल."

सोडून कुणी दिलं नव्हतं. पहूरच्या घरात अकराच्या सुमाराला आईचा आवाज चढायचा, आणि तेव्हा स्वयंपाकघरात वहिनी असायची. भाकरी जाड झाली, भरीत तिखट झालं, कुठलंही निमित्त पुरायचं. बोलणं वहिनीच्या माहेरावर, तिच्या आईवर जायचं. जेवण झालं की आई निवळायची आणि "तू जेवलीस का गं?" म्हणून तिलाच विचारायची, जणू काही घडलंच नाही. वहिनीला ते जास्त लागायचं. शेवटी दादाने धुळ्याला बदली मागून घेतली आणि वेगळं बिऱ्हाड केलं. माझी भाची तिथेच वाढली. आजी तिला दिवाळीपुरतीच माहीत.

दवाखान्यातून परतताना रिक्षात आईने तिच्या माहेरच्या अहिराणीत विचारलं, "मंग ते बठ्ठं साखर बोलनी का?" ते सगळं साखरच बोलली का, असं तिला विचारायचं होतं.

पुढच्या रविवारी धुळ्याला जायचंच, असं तिने ठरवलं. एसटीने गेलो. वहिनीने पाणी दिलं, चहा टाकला. आईने पदर सरकवून दंड दाखवला आणि डॉक्टर जे जे म्हणाले ते सगळं सांगितलं. दादा खाली बघत बसला होता. वहिनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आई, तुम्ही आजारी होतात हे आता कळतंय," ती म्हणाली. "तेव्हा कळलं असतं तर मीच वेळेवर खायला दिलं असतं. पण मी रडले ती रडलेच ना."

"हो," आई म्हणाली.

नंतर वहिनीने पथ्याचं विचारलं, आईने सांगितलं. निघताना वहिनी नेहमीसारखी पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण वहिनी लगेच उठून चपला पुढे करायला गेली.

परतीच्या एसटीत पारोळा मागे पडल्यावर आई म्हणाली, "तिच्या आईवरून मी जे बोलले ना, ते एकदा जेवून उठल्यावरही बोलले होते. तेव्हा पोट भरलेलं होतं माझं."

"आता ते कशाला आठवतेस?"

"आठवलं म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं. आई आता अकराच्या आधी वाटीभर मूग खाते आणि दिवसभर शांत असते. शेजारणी म्हणतात, किती गरीब स्वभावाच्या आहेत तुमच्या आई. मी हसून मान हलवते, पण मनातून बरं वाटत नाही. ही आई वहिनीला मिळायला हवी होती.